एफवन २०१० गेम रिव्ह्यू: स्लो टीम घेऊन खेळा, मग कळेल त्या ग्रिडवर का हव्यात

आधीच सांगून टाकते, हा गेम जुना आहे. कोडमास्टर्सने सप्टेंबर २०१० मध्ये काढलेला, पीएस थ्री, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवर, आणि तेव्हाचं ते सगळं आज बघताना जुनाट वाटतंच, प्रेक्षकांचे चेहरे सपाट आणि मोटरहोममधली माणसं लाकडी बाहुल्यांसारखी हलतात. तरी आत्ता यावर लिहावंसं वाटलं कारण कॅडिलॅक फॉर्म्युला वनमध्ये, म्हणजे एफवनमध्ये, अकरावी टीम म्हणून २०२६ च्या ग्रिडवर (रेस सुरू होताना गाड्या उभ्या राहतात त्या रांगेत) येणार हे ठरल्यापासून तोच जुना वाद परत सुरू झालाय, की नवीन टीम येणार, मागे राहणार, लीडर्सच्या वाटेत येणार, मग कशाला हव्यात असल्या टीम्स, एफवन म्हणजे जगातलं टॉपचं रेसिंग ना, तिथे स्लो गाड्यांचं काय काम. माझं मत एकदम क्लिअर आहे, काम आहे आणि भरपूर आहे, आणि हे मत मला कुठल्या एक्स्पर्टने नाही दिलं, ते या गेमने दिलं. त्यामुळे हा रिव्ह्यू गेमचा पण आहे आणि त्या वादाचा पण.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम सुरू होतो तो थेट प्रेस कॉन्फरन्समध्ये, पत्रकार तुमचं नाव विचारतात, करिअर किती सीझनचं करायचं ते ठरवायचं, तीन, पाच किंवा सात. आणि मग टीम निवडायची वेळ येते तेव्हा तुमच्यासमोर फेरारी, मॅकलारेन, रेड बुल नसतातच. तीन नावं असतात. लोटस, व्हर्जिन, एचआरटी. त्या वर्षीच्या तीन नव्या टीम्स, ग्रिडच्या अगदी शेवटच्या तीन. मला तर हा निर्णय म्हणजे या गेमची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण पैसे देऊन गेम घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी व्हेटेलची गाडी मागणार हे कंपनीला माहीत असणारच, तरी त्यांनी करिअरमध्ये सगळ्यांना मागच्या रांगेत उभं केलं. (नुसती एक रेस खेळायची असेल तर हवी ती गाडी मिळते, तो मोड वेगळा.)

गाडी चालवण्याच्या बाबतीत अँथनी डेव्हिडसनचा सल्ला घेतला होता हे पण मला फार बोलकं वाटतं. डेव्हिडसन म्हणजे सुपर अगुरीचा ड्रायव्हर. ही टीम २००६ मध्ये आली तेव्हा जुन्या अ‍ॅरोज ए२३ वर बेतलेली, चार वर्षांपूर्वीची गाडी घेऊन आली होती, सगळे हसत होते. आणि पुढच्याच वर्षी, २००७ ला कॅनडात, त्याच टीमच्या ताकुमा सातोने मॅकलारेनमधल्या फर्नांडो अलोन्सोला, म्हणजे तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियनला, ट्रॅकवर ओव्हरटेक करून सहावा नंबर काढला. २००८ च्या मे महिन्यात पैसे संपून टीम बंद पडली, पण तो ओव्हरटेक अजून लोक शोधून शोधून बघतात. मागची गाडी हातात कशी वागते हे ज्याने अंगावर घेतलंय असा माणूस गेमसाठी घेतला, आणि ते स्टिअरिंग हातात घेतल्यावर समजतं.

मी पीएस थ्रीवर सेकंडहँड डिस्कवर खेळते, कंट्रोलरवर, महागडं व्हील वगैरे नाही. एचआरटी निवडली. आणि पहिल्याच ट्रॅकवर कळतं की ही गाडी नुसती सरळ रस्त्यावर कमी पळते असं नाहीये, ती वळणातच बसत नाही, फास्ट कॉर्नरला डाऊनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) कमी म्हणून पुढचा भाग बाहेर ओढत जातो, तुम्ही जरा जास्त वळवलं की मागचा भाग सुटतो, ब्रेक लवकर मारावा लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटर उशिरा. मग तुम्ही त्याच ट्रॅकवर रेड बुल घेऊन फक्त पाच मिनिटं चालवून बघा, तेच वळण, पण गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. इतकी वर्षं टीव्हीवर बघताना मला वाटायचं की मागचे ड्रायव्हर कमी टॅलेंटवाले म्हणून मागे, गेमने हा गैरसमज एका संध्याकाळीत धुऊन काढला. मागच्या गाडीत प्रत्येक लॅपला जास्त मेहनत लागते आणि मिळतं कमी.

पण खरी कमाल पुढे आहे. टीम तुम्हाला जिंकायला सांगतच नाही. गाडीच्या लायकीप्रमाणे टार्गेट देते, क्वालिफाइंगला (रेसमध्ये कितव्या जागेवरून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या फेरीला) अमुक नंबरच्या वर या, रेसमध्ये अमुक नंबरला संपवा, आणि टीममेटच्या पुढे राहा, कारण नंबर एकचा ड्रायव्हर झालात तर गाडीवर पुढे कुठलं काम करायचं यात तुमचं चालतं. त्यामुळे एकविसाव्या नंबरची मारामारी पण मारामारी असते. समोर व्हर्जिन, मागे लोटस, तुमचे टायर गेलेत, सात लॅप राहिलेत, आणि तुम्हाला खरंच, अगदी खरंच, फरक पडतो. टीव्हीवर त्याच वेळी कॅमेरा पहिल्या दोघांवर असणार ज्यांच्यात आठ सेकंदांचा फरक आहे आणि काहीच घडत नाहीये.

इथे २०१० चा क्वालिफाइंग फॉरमॅट लक्षात घ्या. २४ गाड्या, पहिल्या राउंडमध्ये सात बाहेर, मग अजून सात बाहेर, शेवटी दहा. नवीन तीन टीम्सच्या सहा गाड्या जवळपास ठरलेल्याच की बाहेर जाणार, उत्सुकता काय ती सातव्या गाडीची. हे ऐकायला कंटाळवाणं आहे हे मान्य, आणि विरोधक हेच म्हणायचे. पण मग मलेशिया २०१० आठवा. पाऊस आला, फेरारी आणि मॅकलारेनने वाट बघत बसायचं ठरवलं, ट्रॅक अजून ओला झाला, आणि अलोन्सो, मासा, हॅमिल्टन तिघंही पहिल्याच राउंडमध्ये गेले. त्याच पावसात कोवालायनेनची लोटस आणि ग्लॉकची व्हर्जिन दुसऱ्या राउंडमध्ये पोचल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत टीम्स चुकल्या आणि सगळ्यात गरीब टीम्सनी वेळ साधली. ग्रिडवर फक्त मोठ्याच टीम्स असत्या तर त्या दिवशी त्यांच्या चुकीची किंमत वसूल करायला कोण होतं?

गेममध्ये पाऊस अप्रतिम आहे, हे तेव्हाही सगळे म्हणायचे आणि मी आजही म्हणते. ट्रॅक हळूहळू ओला होतो, हळूहळू वाळतो, वाळणारी रेषा दिसायला लागते आणि तुम्ही ठरवायचं की आत्ता टायर बदलायचे का अजून एक लॅप थांबायचं. एचआरटीवाल्यासाठी पाऊस म्हणजे लॉटरीच, कोरड्यात जे कधीच शक्य नाही ते ओल्यात होऊ शकतं. क्वालिफाइंगमध्ये आकाश काळं दिसलं की मी अक्षरशः सरसावून बसते. ही भावना फेरारी घेऊन खेळणाऱ्याला मिळणारच नाही, त्याला पाऊस म्हणजे डोकेदुखी.

आता खऱ्या गोष्टीकडे येते, कारण गेममधली एचआरटी आणि खरी एचआरटी यात जो फरक आहे तोच या वादाचा मुद्दा आहे.

या टीम्स आल्या कशा? २००९ मध्ये एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी खर्चावर मर्यादा आणायची म्हणून ४ कोटी पाउंडांच्या बजेटची कल्पना मांडली, त्या भरवशावर नवीन टीम्सनी अर्ज केले, आणि कॅम्पोस, मॅनॉर (हीच पुढे व्हर्जिन झाली), यूएसएफवन अशा तिघांना जागा मिळाल्या, नंतर बीएमडब्ल्यू बाहेर पडली म्हणून लोटसला. मोठ्या टीम्सनी ती बजेटची मर्यादा हाणून पाडली. म्हणजे ज्या अटीवर बोलावलं ती अटच गेली आणि पाहुणे मात्र दारात उभे. यूएसएफवन तर सीझन सुरू व्हायच्या आधीच संपली. कॅम्पोसचे पैसे संपले, मालक बदलला आणि ती एचआरटी झाली, गाडी डलाराने बनवलेली, सीझनपूर्वी एकही टेस्ट नाही.

बाहरीन, पहिली रेस. आपला करुण चंढोक, चेन्नईचा पोरगा, त्याची गाडी गॅरेजमध्ये जोडणंच चालू होतं, प्रॅक्टिस सेशन्स निघून गेले आणि तो त्या गाडीत पहिल्यांदा बसून ट्रॅकवर गेला तो थेट क्वालिफाइंगमध्ये. जरा विचार करा. ज्या गाडीत आयुष्यात एक लॅप मारलेला नाही ती घेऊन जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हर्ससमोर क्वालिफाय करायचं. सगळ्यात फास्ट गाडीपेक्षा तो साधारण १० सेकंदांनी मागे होता आणि रेस पण सुरुवातीलाच संपली. जगभर चेष्टा झाली. पण पुढचीच रेस बघा ना, ऑस्ट्रेलिया, पाच लॅप मागे राहून का होईना त्याने गाडी शेवटपर्यंत आणली, १४ वा. दोन आठवड्यांपूर्वी जी गाडी धड जोडलेली नव्हती ती पूर्ण अंतर पळाली, यामागे किती मेकॅनिक किती रात्री झोपले नसतील. आणि सीझनच्या शेवटी याच असल्या चौदाव्या नंबरांच्या जोरावर एचआरटी टेबलमध्ये व्हर्जिनच्या वर राहिली. एक पॉइंट नाही, तरी वर.

व्हर्जिनची गोष्ट वेगळीच आहे आणि मला ती खूप आवडते. निक वर्थने ती गाडी विंड टनेल न वापरता पूर्णपणे सीएफडीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह काढून डिझाइन केली. कोणीच असं केलं नव्हतं. चाललं नाही, आणि वर पेट्रोलची टाकीच लहान निघाली, काही ट्रॅकवर पूर्ण वेगाने रेस संपवता येणार नाही इतकी लहान, मग एफआयएकडून परवानगी घेऊन चेसिस बदलावी लागली. यावर हसणं सोपं आहे. पण टॉपच्या रेसिंगला आपण टेक्नॉलॉजीची प्रयोगशाळा म्हणतो ना, मग ज्याने प्रयोग केला त्याला हसायचं आणि जे दरवर्षी तीच गाडी थोडी घासून आणतात त्यांना टाळ्या, हे मला पटत नाही.

लोटस तिघांत बरी. टोनी फर्नांडिसचा पैसा, माइक गॅसकॉयनचं डिझाइन, ट्रुली आणि कोवालायनेनसारखे रेस जिंकलेले ड्रायव्हर. जपानमध्ये कोवालायनेन १२ वा आला आणि त्या एका निकालावर टीम १० वी ठरली, आणि दहावी येणं म्हणजे बक्षिसाच्या पैशात वाटा. बारावा नंबर. टीव्हीवर कोणी दाखवला पण नसेल. पण त्या बाराव्या नंबरची किंमत कदाचित त्या दिवशीच्या विजयापेक्षा जास्त होती, कारण जिंकणाऱ्या टीमकडे पैसे आधीच होते.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. सेफ्टी. जून २०१०, व्हॅलेन्सिया. मार्क वेबर रेड बुलमध्ये, पुढे कोवालायनेनची लोटस. लोटसला ब्रेक लवकर लागायचा, वेबरला तो अंदाज आला नाही, मागून चढला आणि गाडी हवेत उलटी झाली. तो सुखरूप बाहेर आला पण तो व्हिडिओ बघताना आजही पोटात गोळा येतो. मोनॅकोलाही शेवटच्या लॅप्समध्ये ट्रुलीची गाडी रास्कासच्या वळणावर चंढोकच्या गाडीवर चढली होती, पण तिथे तर दोन्ही नवीन टीम्सच होत्या. वेगातला फरक जितका जास्त तितका धोका जास्त, यात वाद नाहीच.

पण त्याचा इलाज होता आणि आहे. १०७ टक्क्यांचा नियम. क्वालिफाइंगच्या पहिल्या राउंडमधल्या बेस्ट टाइमच्या १०७ टक्क्यांत बसला नाहीत तर रेसमध्ये जागा नाही. हा १९९६ ला आला, २००३ च्या फॉरमॅट बदलात गेला, आणि २०११ ला परत आणला. मी हिशोब करून बघितला, बाहरीन २०१० ला हा नियम असता तर दोन्ही एचआरटी बाहेर गेल्या असत्या, चंढोकही आणि ब्रुनो सेनाही. पण दोन्ही लोटस आणि दोन्ही व्हर्जिन आरामात आत. म्हणजे ज्यांना सरसकट स्लो म्हणून हाकलायची भाषा चालली होती त्यांच्यातल्या दोन टीम्स पहिल्याच दिवशी पात्र होत्या. आणि नियम आल्यावर तो पाळला पण गेला, २०११ आणि २०१२ दोन्ही वर्षी मेलबर्नला एचआरटीच्या दोन्ही गाड्यांना रेस करू दिली नाही, दोन्ही वेळा नारायण कार्तिकेयन त्यात होता. वाईट वाटलं? हो, खूप. पण योग्यच होतं. दार उघडं ठेवा आणि उंबरठा ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्याच २०११ मध्ये ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. कार्तिकेयन १७ वा आला, एचआरटी घेऊन, आणि त्याच टीममधला डॅनियल रिकार्डो १८ वा. हा तोच रिकार्डो जो पुढे आठ रेस जिंकला. ज्याला वाटतं की शेवटच्या टीमच्या गाडीत बसलेला माणूस म्हणजे भाड्याने सीट घेतलेला कोणीतरी, त्याने हा निकाल बघावा. आणि एचआरटी नसती तर भारतात झालेल्या पहिल्या एफवन रेसमध्ये भारतीय ड्रायव्हर नसता. आपल्याला मोठ्या टीमने सीट दिली असती का हो? सुट्टिल आणि डी रेस्टा चालवत होते फोर्स इंडिया, म्हणजे भारतीय नावाच्या टीममध्ये पण भारतीय ड्रायव्हर नव्हता.

ही यादी लांब आहे. अलोन्सो २००१ ला मिनार्डीमधून आला, जी कायम मागेच असायची, चार वर्षांनी वर्ल्ड चॅम्पियन. वेबर २००२ ला त्याच मिनार्डीत, घरच्या मेलबर्नला पाचवा. तीच मिनार्डी विकली जाऊन टोरो रोसो झाली आणि २००८ ला मॉन्झाला व्हेटेलने तिला पहिला विजय दिला, टीमचं गाव तेच, इटलीतलं फाएंझा. टोलमन १९८१ ला आली तेव्हा जवळपास प्रत्येक रेसला क्वालिफाय पण होत नव्हती, तीन वर्षांनी मोनॅकोच्या पावसात त्याच टीमच्या गाडीत आयर्टन सेना दुसरा, आणि ती टीम पुढे बेनेटन झाली, तिथे शूमाकर दोनदा चॅम्पियन. जॉर्डन १९९१ ची नवीन टीम, ती हातोहात बदलत आज अ‍ॅस्टन मार्टिन आहे. म्हणजे आजच्या ग्रिडवरच्या मोठमोठ्या टीम्सचं मूळ शोधायला गेलात तर एक ना एक स्लो, गरीब, नवीन टीम सापडतेच.

दुसरी बाजू पण आहे हे लिहिलंच पाहिजे. १९९० ची लाइफ, जी एकदाही प्री-क्वालिफाइंग (क्वालिफाइंगच्याही आधीची चाळणी) पार करू शकली नाही. १९९७ ची मास्टरकार्ड लोला, मेलबर्नला पोलपेक्षा, म्हणजे क्वालिफाइंगच्या सगळ्यात फास्ट टाइमपेक्षा, ११ सेकंदांहून जास्त मागे, क्वालिफाय झाली नाही आणि दुसऱ्या रेसच्या आधीच संपली. असल्या टीम्सचं समर्थन मी करत नाहीये. तयारी नसताना स्पॉन्सरच्या दबावाखाली गाडी उभी करणं हा ड्रायव्हरवरच अन्याय आहे. पण तिथे पण बघा, नियमाने काम केलं, ते लोक रेसमध्ये आलेच नाहीत, कोणाचं काही बिघडलं नाही.

क्रिकेटमध्ये आपण हाच वाद घातलाय. २००३ च्या वर्ल्ड कपला केनिया सेमीफायनलला आली, आपल्याच विरुद्ध खेळली, २००७ ला आयर्लंडने पाकिस्तानला घरी पाठवलं, आणि मग २०१९ ला वर्ल्ड कप दहा टीम्सचा करून टाकला. मॅचेस जास्त चुरशीच्या झाल्या का? मला तरी नाही वाटत.

परत गेमकडे. ज्या गोष्टी नाहीत त्या पण सांगते कारण हा रिव्ह्यू आहे, आरती नाही. सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी) नाही, ती पुढच्या वर्षीच्या गेममध्ये आली. मागच्या टीमसाठी हे मोठं नुकसान आहे, कारण खऱ्या रेसमध्ये सेफ्टी कार हाच तुमचा एकमेव मित्र, सगळं अंतर मिटतं, कोणी पिटमध्ये चुकतं. फॉर्मेशन लॅप नाही. जिंकलात तर पोडियमचा सोहळा नाही, अर्थात एचआरटीत तो प्रश्न लवकर येत नाही. पत्रकारांचे प्रश्न थोड्याच दिवसांत परत परत तेच येतात. पिटमध्ये बाकीच्या गाड्या जाईपर्यंत तुम्हाला अडवून ठेवतात आणि त्यात नंबर जातात, हे त्या गेमबद्दल सगळ्यांनाच ठाऊक आहे. इतकं असून २०११ ला स्पोर्ट्स प्रकारात बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, आणि तो योग्य मिळाला असं मी म्हणेन. १९ ट्रॅक आहेत, कोरियाचा नवा ट्रॅक तर खरी रेस व्हायच्या आधीच गेममध्ये आला होता.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. गेम तुम्हाला मागच्या टीममधून बाहेर पडायलाच शिकवतो. चांगले निकाल आले की वरच्या टीम्सची ऑफर येते, आणि सगळी रचना अशी की तुम्ही ती घ्यावी. गाडी सुधारायचं काम आहे, प्रॅक्टिसमध्ये इंजिनिअर सांगतो त्या टाइमच्या आत लॅप मारला की नवीन पार्ट मिळतो, पण टीमकडे पैसे किती राहिले, मेकॅनिकचा पगार झाला का, पुढच्या रेसला गाड्या विमानात चढणार का, यातलं काहीच नाही. आणि खऱ्या आयुष्यात या टीम्स त्यानेच गेल्या. एचआरटी २०१२ च्या शेवटी बंद. लोटसची पुढे कॅटरहॅम झाली, २०१४ च्या शेवटच्या रेसला जायला लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करावी लागली, आणि मग बंद. व्हर्जिनची मारुशिया झाली, आणि तिच्याबद्दल जरा थांबून लिहिते.

मोनॅको २०१४. ज्यूल्स बियांकी, ग्रिडवर मागून सुरुवात, त्यात पाच सेकंदांची पेनल्टी, तरी नववा. दोन पॉइंट. २०१० ला आलेल्या तीन टीम्सना पाचव्या सीझनमध्ये मिळालेले पहिले पॉइंट. त्या दोन पॉइंटवर मारुशिया टेबलमध्ये नववी राहिली, सॉबरच्या वर, आणि त्यातून जो पैशांचा हक्क आला त्याच्या आधारावर टीम २०१५ ला मॅनॉर म्हणून परत उभी राहिली. पण २०१४ मध्येच जपानला बियांकीचा अपघात झाला होता आणि २०१५ च्या जुलैमध्ये तो गेला. त्याच्या त्या नवव्या नंबरामुळे कितीतरी लोकांच्या नोकऱ्या वाचल्या होत्या. २०१६ ला त्याच मॅनॉरमध्ये वेर्लाइनने ऑस्ट्रियात एक पॉइंट काढला, टीम दहावी होती, आणि ब्राझीलच्या पावसात सॉबरचा नासर नववा आला म्हणून मॅनॉर अकरावी झाली आणि २०१७ च्या जानेवारीत संपली. दोन पॉइंटनी टीम जगली, नासरच्या त्या नवव्या नंबराने गेली. ज्याला मागच्या रेसिंगमध्ये ड्रामा दिसत नाही त्याने अजून काय बघायचं बाकी ठेवलंय?

म्हणून माझा राग स्लो टीम्सवर नाही, त्यांना बोलावून मग पैशांचा वाटा फक्त वरच्यांना देणाऱ्या व्यवस्थेवर आहे. २०२१ पासून बजेटची मर्यादा आली, सुरुवातीला १४.५ कोटी डॉलर, म्हणजे जे २००९ ला हवं होतं ते बारा वर्षांनी, मोझलींच्या आकड्यापेक्षा बरंच वर, पण आलं. आता नवीन टीम १० सेकंद मागे असण्याचं कारण कमी झालंय. पण त्याच वेळी नवीन टीमने बाकीच्यांना २० कोटी डॉलर द्यायचे असा नियम पण आला, आणि जानेवारी २०२४ ला अँड्रेटी या अमेरिकन टीमला नाही म्हणताना ही टीम स्पर्धेत टिकणार नाही हे कारण पुढे केलं. मग जनरल मोटर्स पूर्ण ताकदीने आली तेव्हा २०२५ च्या मार्चमध्ये कॅडिलॅकला होकार, पेरेझ आणि बोटास ड्रायव्हर, इंजिन फेरारीचं. मला आनंद आहे त्यांचा. पण जॉर्डन किंवा मिनार्डीसारखा छोटा माणूस आज या दारातून येऊच शकत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवीन गेम्समध्ये, म्हणजे एफवन २०२० पासून, माय टीम मोड आहे, त्यात तुम्हीच अकरावी टीम काढायची, इंजिन कोणाचं घ्यायचं, दुसरा ड्रायव्हर कोण, पैसे कुठे घालायचे सगळं तुम्ही. कागदावर ते २०१० पेक्षा कितीतरी भारी. पण मला तिथे टीम फार लवकर वर जाते असं वाटतं, मागे असण्याचा काळ नुसता ओलांडायचा टप्पा होऊन जातो. २०१० मध्ये तुम्ही मागे असता आणि तिथे राहूनच खेळायचं असतं, म्हणून जुना असूनही या बाबतीत तो मला सरस वाटतो.

घ्यावा का? पीएस थ्री किंवा ३६० घरात धूळ खात पडलं असेल आणि जुन्या डिस्क विकणाऱ्याकडे मिळाला तर नक्की घ्या. पीसीवर मात्र त्या जुन्या विंडोज लाइव्हच्या भानगडीमुळे नादाला लागू नका. करिअरमध्ये एचआरटीच निवडा, सोपी म्हणून लोटस घेऊ नका. रेसची लांबी कमीत कमी ५० टक्के ठेवा, २० टक्क्यांत लीडर तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत आणि निळा झेंडा बघून स्वतःची लढाई न सोडता बाजूला कसं व्हायचं हे कळतच नाही, जे मागच्या ड्रायव्हरचं अर्धं कौशल्य आहे. फ्लॅशबॅक (चूक झाली की रेस मागे नेऊन परत खेळायची सोय) बंद करा. लाँग वीकेंड लावा म्हणजे प्रॅक्टिस पूर्ण मिळते. आणि पहिला सीझन संपल्यावर वरच्या टीमची ऑफर आली तर एकदा नाही म्हणून बघा, दुसऱ्या सीझनला त्याच गाडीतून पहिल्यांदा क्वालिफाइंगचा दुसरा राउंड गाठता तेव्हा जे वाटतं ते मला तरी फेरारीतून रेस जिंकून वाटलं नाही.